पाळण्याची दोरी आणि कचारगडची शिळा

गोंदियाहून डोंगरगडाकडे जाणारी आगगाडी सालेकसा मागे टाकून दरेकशास येते, तेव्हा दोन्ही बाजूंचे रान दाट होते व डोंगर जवळ सरकतात. याच डोंगरांत कचारगडची गुहा आहे. माघी पौर्णिमेस तेथे गोंड समाजाची मोठी यात्रा भरते. अंगाईचा इतिहास सांगू पाहणाऱ्यांनी या आडवाटेस का वळावे, अशी शंका वाचकांस येईल. तिचे उत्तर त्या गुहेच्या कथेतच आहे.

कथेचे पाठ अनेक आहेत. मुख्य सूत्र असे. कली कंकालीची तेहतीस मुले शंभूने या गुहेत कोंडली व तोंडाशी प्रचंड शिळा लोटली. जंगो रायताडने त्या मुलांची माया केली आणि पहांदी पारी कुपार लिंगोने त्यांच्या सुटकेचा निश्चय केला. तेव्हा हिरासुका पाटालीर नावाच्या वादकाने आपली किंगरी छेडली. त्या सुरांनी आतील मुलांच्या अंगी बळ आले, शिळा हलली, मुले बाहेर पडली. वादक मात्र त्याच शिळेखाली सापडून गतप्राण झाला.

अंगाईने मूल निजते, येथे मुले जागी झाली, हा भेद खरा. तथापि शब्दांच्या आधी सूर मुलापर्यंत पोहोचतो, ही जाणीव दोहोंच्या मुळाशी एकच आहे. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या हार्वर्ड विद्यापीठातील प्रयोगांत परक्या भाषेतील अंगाई ऐकूनही तान्ह्या मुलांच्या हृदयाची गती मंदावल्याचे दिसले. मुलास अर्थाची गरज नसेल, तर मग शब्द कोणासाठी? आमचे उत्तर असे की, ते गाणाऱ्या आईसाठी.

मार्कंडेय पुराणातील मदालसा पाळण्यातील बाळास वैराग्य शिकविते. ते बाळास काय कळणार? ती आपलाच सिद्धांत मोठ्याने म्हणत असते. सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त, म्हणजे बाराव्या शतकात, महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात असा उल्लेख आहे. तीच ओवी जात्यावरून पाळण्यापाशी आली. दिवसभर जे कोणापुढे बोलता येत नसे, ते माहेरचे स्मरण, ती सासरची सल, रात्री बाळाच्या निमित्ताने ओवीत उतरे. बारशाच्या पाळण्यात राम, कृष्ण वा शिवराय असतात, कारण तो चारचौघींत गावयाचा. एकांतातील अंगाईत आईच असते. हेलकाव्याने बाळ शांत होते आणि बोलून टाकल्याने आई. एकाच गीताने दोघांस विसावा मिळावा, हीच या गीतप्रकाराची खरी किमया होय.

म्हणूनच ती कोणत्या भाषेत गायिली जाते, हा प्रश्न लहान नव्हे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी गोंडांचे लिंगोगीत टिपून ठेवले; त्यांच्या मृत्यूनंतर रिचर्ड टेंपल यांनी ते 1866 साली छापविले, म्हणून ते वाचले. वीरगाथा टिपणारे भेटतात. अंधारात हलक्या आवाजात गायिलेली अंगाई टिपणारा सहसा भेटत नाही. 2011 च्या खानेसुमारीत गोंडी बोलणारे सुमारे 29 लक्ष 84 हजार भरले. संख्या थोडकी नाही. परंतु शाळा दुसऱ्या भाषेची, बाजार दुसऱ्या भाषेचा. अशा स्थितीत आईनेही पाळण्यापाशी आपली बोली सोडली, तर भाषेचा शेवटचा आसरा गेला असे समजावे.

आमच्या शहरी घरांत तरी निराळे काय आहे? यंत्रातील गोड अंगाई बाळास निजवील. आईचे मन मात्र त्यात मोकळे होणार नाही. निदान घरातील आजीस आज रात्री विचारावे, ती काय गात असे, आणि ते तिच्याच बोलीत लिहून ठेवावे. हिरासुकाने प्राण दिले. आमच्याकडून एवढी अर्ध्या घटकेची जाग तरी व्हावी.