राहणीमान खर्चाची शहरनिहाय तुलना

राहणीमान खर्चाची शहरनिहाय तुलना म्हणजे अन्न, घर, इंधन, प्रवास, आरोग्यसेवा इत्यादींसाठी एखाद्या शहरात होणारा खर्च देशाच्या सरासरीशी ताडून पाहण्याची पद्धत होय. भारतात महागाई भत्ता ठरवताना किंमत निर्देशांकाचा आधार घेतला जातो.

निर्देशांकांचे प्रकार

निर्देशांक स्थलसापेक्ष किंवा कालसापेक्ष असतो. अमेरिकेतील 'प्रादेशिक किंमत समता' या आकडेवारीत राष्ट्रीय पातळी १०० मानून प्रत्येक महानगर क्षेत्राची किंमत पातळी दिली जाते. भारतात श्रम ब्युरो ८८ केंद्रांसाठी औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक काढतो. त्याचे आधारवर्ष २०१६ असून त्या वर्षीची प्रत्येक केंद्राची पातळी १०० धरली आहे. त्यामुळे समजा, मुंबईचा निर्देशांक १३० व नागपूरचा १३५ असला, तर नागपूर मुंबईपेक्षा महाग ठरत नाही. २०१६ नंतर तेथील दरवाढ अधिक झाली, एवढाच त्याचा अर्थ होतो.

इतिहास

मुंबई इलाख्यात १९२१ मध्ये स्थापन झालेल्या कामगार कार्यालयाने जुलै १९१४ हा आधार धरून मुंबईतील कामगारांचा राहणीमान खर्च निर्देशांक प्रसिद्ध केला. गिरणी कामगारांचा महागाई भत्ता पुढे निर्देशांकाशी जोडला गेल्याने त्यातील चूक थेट वेतनावर परिणाम करणारी ठरली. १९६०च्या दशकात कामगार संघटनांनी मुंबईच्या निर्देशांकावर आक्षेप घेतले. त्यानंतर अर्थतज्ज्ञ डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्यात दुरुस्ती सुचवली.

घरभाडे

केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या महागाई भत्त्याचा दर अखिल भारतीय निर्देशांकावरून ठरतो व देशभर सारखाच असतो. शहरांतील फरक घरभाडे भत्त्यात दिसतो. त्यासाठी लोकसंख्येनुसार शहरांचे एक्स, वाय व झेड असे वर्ग केले आहेत. मुंबई व पुणे एक्स वर्गात, तर नागपूर व नाशिक वाय वर्गात मोडतात. सातव्या वेतन आयोगानंतर हा भत्ता मूळ वेतनाच्या अनुक्रमे २४, १६ व ८ टक्के ठरला. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर पोहोचल्यावर तो ३०, २० व १० टक्के झाला.

आरोग्यसेवा

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५व्या फेरीनुसार (२०१७-१८) बाळंतपण वगळता रुग्णालयात दाखल होण्याचा सरासरी वैद्यकीय खर्च प्रत्येक वेळी ग्रामीण भागात १६,६७६ रुपये व शहरी भागात २६,४७५ रुपये होता. शहरी भागात सरकारी रुग्णालयात तो ४,८३७ रुपये, तर खासगी रुग्णालयात ३८,८२२ रुपये होता. म्हणजे गाव व शहर यांच्यातील फरकापेक्षा सरकारी व खासगी सेवेतील फरक कितीतरी मोठा आहे. त्यामुळे शहराची सरासरी तेथील किती रुग्ण सार्वजनिक रुग्णालयांत उपचार घेतात यावरही अवलंबून असते. मुंबईत महानगरपालिकेची केईएम, नायर व शीव ही मोठी रुग्णालये अशी सेवा देतात.

मर्यादा

खर्चाची सरासरी म्हणजे किमतीची पातळी नव्हे. २०२३-२४च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणात दरडोई मासिक खर्च शहरी भारतात ६,९९६ रुपये, तर शहरी महाराष्ट्रात ७,३६३ रुपये आढळला. या फरकात दरांप्रमाणेच उत्पन्न व राहणीचाही वाटा असतो. तसेच पैशांअभावी रुग्णालयात दाखल न झालेल्या रुग्णांचा रुग्णालयीन खर्चाच्या सरासरीत समावेश होत नाही. त्यामुळे केवळ कमी सरासरीवरून एखाद्या शहरातील उपचार परवडणारे आहेत, असा निष्कर्ष काढता येत नाही.