शुक्रवारची मिळकत, शनिवारची मिळकत

मुसलमान आणि यहुदी यांचे हाडवैर जणू सृष्टीच्या आरंभापासूनचे आहे, असे सर्रास बोलले जाते. उलट, मुसलमानी अमलात यहुद्यांना निव्वळ सुवर्णयुग लाभले होते, असे सांगणारेही भेटतात. महसूल खात्यात हयात गेल्यामुळे आम्हांस एक खोड जडली आहे. कोणी ठामपणे काही सांगू लागले की आम्ही आधी दप्तर पाहतो. सुदैवाने या प्रश्नाचे दप्तर उपलब्ध आहे.

जुन्या कैरोत, फुस्तात येथे, बेन एझ्रा नावाचे यहुदी प्रार्थनामंदिर आहे. देवाचे नाव असलेला कागद नष्ट करू नये, या श्रद्धेने तेथील मंडळी निकामी कागद एका कोठडीत टाकीत. तिला गेनिझा म्हणतात. १८९६-९७ मध्ये केंब्रिजचे सॉलोमन शेख्टर यांनी त्यांतील सुमारे १,९३,००० तुकडे विलायतेस नेले. धर्मग्रंथांच्या पानांबरोबर त्यांत हिशेब, करारनामे, काडीमोडपत्रे आणि व्यापाऱ्यांची पत्रेही निघाली. व्यवहाराच्या कागदांची भाषा बहुधा अरबी, लिपी मात्र हिब्रू. बाजारची भाषा आणि घरची लिपी यांची ही सांगड परमुलखात रुजलेल्या आपल्यासारख्या घराण्यांना समजावून सांगावयास नको.

याच फुस्तातमध्ये मैमोनिडीस हा थोर यहुदी धर्मशास्त्री आणि वैद्य राहत असे. एकदा त्याच्याकडे एक प्रश्न आला. एका कारखान्यात काही भागीदार यहुदी होते, काही मुसलमान. धंदा सोनारीचा वा काचकामाचा, हत्यारे सामाईक. शुक्रवारची मिळकत यहुद्यांनी घ्यावी, शनिवारची मुसलमानांनी, असे त्यांनी आपसांत ठरविले होते. हे धर्मास धरून आहे काय? मैमोनिडीसने या व्यवस्थेस मान्यता दिली. शनिवारी घाणा बंद ठेवणारे कोकणातील शनिवार तेली, म्हणजे बेने इस्रायल, ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना या निवाड्यातील शहाणपण सहज उमगेल.

दप्तराची दुसरी बाजूही तितकीच खरी. यहुदी हे 'धिम्मी', म्हणजे संरक्षित परंतु दुय्यम प्रजाजन होते. त्यांना जिझिया भरावा लागे. या कराने गरिबांची कशी ओढाताण होई, हे गेनिझातील कागदांवरून गॉयटाइन या संशोधकाने दाखवून दिले आहे. वसुलीचे काम केलेल्या आम्हांस ते वाचताना अवघडल्यासारखे झाले. खलिफा अल्-हाकिमच्या कारकिर्दीत बेन एझ्राचे मंदिर पाडण्यात आले आणि पुढे त्याच शतकात ते पुन्हा उभे राहिले. खुद्द मैमोनिडीस हा कोर्दोबाचा. ११४८ मध्ये अल्मोहदांनी ते शहर घेतले आणि त्याच्या कुटुंबाची वणवण सुरू झाली. अखेर इजिप्तमध्ये सलाउद्दीनचा वजीर अल्-फादिल याचा आश्रय त्याला लाभला. ११७२ च्या सुमारास येमेनमधील यहुद्यांना लिहिलेल्या पत्रात त्याने मुसलमानी जुलमाविषयी अत्यंत कटू उद्गार काढले. तरीही मुसलमान हे मूर्तिपूजक नव्हेत, त्यांचे एकेश्वरत्व निर्मळ आहे, असा निर्णय त्यानेच दिला. त्याचा व्यापारी भाऊ डेव्हिड आपल्या हिंदी महासागरात बुडाला, तेव्हा त्या दुःखाने तो वर्षभर अंथरुणास खिळला होता.

आम्हांस यातून एक गोष्ट दिसते. आश्रय आणि छळ ही दोन्ही बहुतांशी राज्यकर्त्याच्या मर्जीवर अवलंबून होती. कारखान्यातील करार मात्र त्या माणसांनी स्वतः केला होता. तो टिकाऊ असला तरी राज्ये उलथली की त्याचा निभाव लागत नसे.

विसाव्या शतकात तेच घडले. १९४८ मध्ये इजिप्तमध्ये सुमारे पाऊण लाख यहुदी होते. इस्रायलची स्थापना आणि १९५६ चे सुएझ युद्ध यांनंतर बहुतेकांना देश सोडावा लागला. त्याच १९४८ च्या युद्धात सुमारे सात लाख पॅलेस्टिनी अरबही बेघर झाले. कैरोतील यहुदी आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. बेन एझ्राची वास्तू डागडुजीनंतर २०२३ मध्ये पुन्हा खुली झाली. तेथे प्रवासी येतात, नित्याची प्रार्थना होत नाही.

हाडवैर म्हणणाऱ्यांनी सामाईक हत्यारांचा तो कारखाना आठवावा, सुवर्णयुग म्हणणाऱ्यांनी जिझियाची चिंता करणारा गरीब. दोन्ही नोंदी एकाच गावच्या आहेत, आणि एक फाडून दुसरी वाचता येत नाही.