पाण्याखालचं मेटल डिटेक्टिंग: प्रवरा-गोदावरीच्या तळाशी काय आहे आणि ते काढता येतं का?

मास्क आणि स्नॉर्केल लावलेला एक माणूस नदीत पालथा तरंगतोय. हातात लांब दांड्याचा डिटेक्टर. हेडफोनमधला आवाज वाढतो, तो बुडी मारतो, तळाची वाळू हाताने बाजूला सारतो आणि अंगठी वर काढतो. असे व्हिडिओ सोशल मीडियावर लाखो लोक पाहतात. त्यातले बहुतेक परदेशातल्या स्वच्छ नद्यांमधले किंवा समुद्रकिनाऱ्यांवरचे असतात.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या माणसाने ते पाहिले की त्याला नेवासे तालुक्यातलं प्रवरासंगम आठवणं साहजिक आहे. इथे प्रवरा गोदावरीला मिळते. छत्रपती संभाजीनगरकडे जाताना पुलावरून हात जोडून नदीत नाणं टाकणारे प्रवासी आजही दिसतात. ही प्रथा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली असेल, तर तळाशी काय काय साठलं असेल?

याचं उत्तर यंत्र, पाणी आणि कायदा या तिन्हींवर अवलंबून आहे. शिवाय याच प्रवरेच्या काठावर १९७४ साली सापडलेला एक ठेवा या प्रश्नाची दुसरी बाजू दाखवतो.

लोहचुंबक आणि डिटेक्टर यांत फरक काय?

नदीत नाणी शोधणं महाराष्ट्राला नवं नाही. तीर्थक्षेत्रांच्या घाटांवर दोरीला लोहचुंबक बांधून पाण्यात फेकणारी मुलं अनेकांनी पाहिली असतील. चुंबकाला प्रामुख्याने स्टेनलेस स्टीलची १ आणि २ रुपयांची नाणी चिकटतात, कारण ती चुंबकाकडे ओढल्या जाणाऱ्या स्टीलची असतात. तांबं, चांदी, सोनं आणि पितळ चुंबकाला चिकटत नाही. त्यामुळे जुनी नाणी किंवा दागिने चुंबकाने निघत नाहीत.

मेटल डिटेक्टरचं तत्त्व वेगळं आहे. त्याच्या खालच्या गोल चकतीत तारेचं वेटोळं असतं, त्याला कॉइल म्हणतात. त्यातून बदलता विद्युतप्रवाह सोडला की भोवती बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. या क्षेत्रात धातू आला की त्यात छोटे भोवरा-प्रवाह निर्माण होतात आणि त्यांचं स्वतःचं क्षीण चुंबकीय क्षेत्र तयार होतं. यंत्र ते पकडतं आणि आवाज देतं. त्यासाठी वस्तू लोखंडाचीच असावी लागत नाही, ती वीज वाहणारी असली की पुरतं.

दख्खनच्या काळ्या वाळूची अडचण

बाजारात मुख्यतः दोन प्रकारचे डिटेक्टर मिळतात. पहिला व्हीएलएफ, म्हणजे अगदी कमी वारंवारतेवर सतत चालणारा. हा धातूंमध्ये काही प्रमाणात फरक ओळखतो. खिळा आहे की चांदीचं नाणं, याचा अंदाज देतो. दुसरा पल्स इंडक्शन. हा क्षणभर विजेचा जोरदार ठोका देतो आणि तो विरताना काय परत येतं ते ऐकतो. समुद्राचं खारं पाणी स्वतःच वीज वाहतं, त्यामुळे तिथे व्हीएलएफ यंत्रं गोंधळतात आणि पल्स इंडक्शन जास्त उपयोगी पडतं. मात्र धातूंमधला फरक ओळखण्यात ते कमी पडतं.

जिल्ह्यातलं पाणी गोडं आहे, त्यामुळे खारेपणाची अडचण इथे नाही. इथली अडचण तळाशी आहे. दख्खनचं पठार बेसाल्ट खडकाचं बनलेलं आहे आणि या खडकात मॅग्नेटाइट हे लोहयुक्त खनिज असतं. खडक झिजून ते वाळूत मिसळतं. नदीकाठच्या वाळूत चुंबक फिरवला की त्याला काळी पूड चिकटते, ती हीच. या काळ्या वाळूमुळे स्वस्त व्हीएलएफ यंत्र धातू नसतानाही आवाज देतं, किंवा धातू असूनही गप्प राहतं. म्हणून इथे यंत्राचं ‘ग्राउंड बॅलन्स’ करावं लागतं, म्हणजे तळाच्या खनिजांचा आवाज वजा करून घ्यावा लागतो.

खोलीच्या बाबतीतही व्हिडिओंमुळे गैरसमज होतो. साध्या यंत्राला नाण्याएवढी वस्तू साधारण १५ ते २५ सेंटिमीटर खोलीपर्यंतच कळते. आपल्या नद्यांच्या आणि जलाशयांच्या तळाशी दर पावसाळ्यात नवा गाळ बसतो. त्यामुळे वर हाती लागण्याची शक्यता असते ती अलीकडच्या नाण्यांची, बाटल्यांच्या झाकणांची, खिळ्यांची आणि मासेमारीच्या जाळ्यांना लावलेल्या शिशाच्या गोळ्यांची.

स्नॉर्केल म्हणजे ऑक्सिजन सिलिंडर नव्हे

स्नॉर्केल ही फक्त एक वाकडी नळी. चेहरा पाण्यात ठेवून पृष्ठभागावर तरंगताना श्वास घेता यावा, एवढंच तिचं काम. ती साधारण ३५ ते ४० सेंटिमीटर लांब असते आणि तिला पाइप जोडून लांब करणं जिवावर बेतू शकतं. एक कारण म्हणजे पाण्याचा दाब. जेमतेम एक मीटर खोलीवरही छातीवर इतका दाब येतो की वरची हवा आत ओढताना फुप्फुसं थकतात. दुसरं कारण नळीतली शिळी हवा. नळी जितकी लांब, तितकी बाहेर सोडलेली हवाच पुन्हा आत जाते.

म्हणून हा छंद प्रत्यक्षात छातीएवढ्या पाण्याचा आहे. त्याहून खोल जायचं तर श्वास रोखून बुडी मारावी लागते. बुडीपूर्वी भराभर खोल श्वास घेण्याची सवय धोकादायक आहे. त्याने शरीरातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि ‘आता श्वास घे’ हा इशारा उशिरा मिळतो. तोपर्यंत मेंदूला ऑक्सिजन कमी पडून माणूस पाण्यातच बेशुद्ध होऊ शकतो. चांगल्या पोहणाऱ्यांच्या बाबतीतही हे घडतं. आवाजाच्या मागे लागून ‘अजून एकदाच’ म्हणणाऱ्याला हा धोका जास्त.

जिल्ह्यातलं पाणी कसं आहे?

पावसाळ्यात प्रवरा, मुळा आणि गोदावरी गढूळ आणि वेगवान असतात. तेव्हा पाण्यात उतरण्याचा विचारही करू नये. हिवाळ्यात पाणी निवळतं, पण तळ काळ्या मातीच्या गाळाचा असतो. हात लागला की गाळ उसळतो आणि मास्कमधून स्वतःचा पंजाही दिसेनासा होतो. उन्हाळ्यात पाणी कमी असतं, मात्र भंडारदरा आणि मुळा धरणांतून सिंचनाचं आवर्तन सुटतं. आवर्तन सुटलं की शांत दिसणाऱ्या पात्रात आणि कालव्यात अचानक ओढ येते.

वाळूउपशामुळे पात्रात पडलेले खड्डे हा आणखी एक सापळा. गुडघाभर पाण्यातून चालताना पुढचं पाऊल डोक्याहून खोल पाण्यात पडू शकतं. त्यात जुनी जाळी, पाणवनस्पती आणि बंधाऱ्यांखालचे भोवरे यांची भर पडते.

प्रवरा किती बेभरवशाची आहे हे २३ मे २०२४ रोजी दिसलं. अकोले तालुक्यात सुगावजवळ बुडालेल्या तरुणाचा शोध घेताना राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटली आणि दलाच्या ३ जवानांचा मृत्यू झाला. प्रशिक्षित माणसं आणि बोट असतानाही हे घडलं. एक मास्क आणि एक नळी घेऊन एकट्याने उतरणाऱ्याने ही घटना लक्षात ठेवावी.

काही ठिकाणी उतरायलाच बंधन आहे. धरणाच्या जलाशयात जलसंपदा विभागाच्या परवानगीशिवाय उतरता येत नाही. जायकवाडीचा नाथसागर नेवासे आणि शेवगाव तालुक्यांपर्यंत पसरला आहे. त्याचा परिसर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, त्यामुळे तिथे वन्यजीव कायदाही लागू होतो.

दायमाबाद: धातू मिळाला, पण प्रश्न उरला

श्रीरामपूर तालुक्यातलं दायमाबाद प्रवरेच्या काठावर आहे. इथल्या प्राचीन वस्तीचा शोध १९५८ साली लागला. १९७४ साली गावातल्या एका भिल्ल रहिवाशाला झुडपाचं मूळ खणताना जमिनीत चार मोठ्या धातूच्या वस्तू सापडल्या. दोन बैल जुंपलेला आणि सारथी उभा असलेला रथ, गेंडा, हत्ती आणि रेडा. रथाची लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर. चारही वस्तूंचं मिळून वजन ६० किलोहून अधिक. ‘दायमाबादची ब्राँझ शिल्पं’ म्हणून ती आज प्रसिद्ध आहेत.

ही शिल्पं किती जुनी, यावर मात्र अभ्यासकांचं एकमत नाही. ती उत्तर हडप्पा काळातली, म्हणजे सुमारे ४ हजार वर्षांपूर्वीची आहेत, असं पुरातत्त्वज्ञ एस. आर. राव यांच्यासह अनेकांचं मत. दुसऱ्या काही अभ्यासकांनी धातूच्या तपासणीकडे लक्ष वेधलं. या शिल्पांमध्ये आर्सेनिकचं प्रमाण १ टक्क्याहून अधिक आहे आणि त्या काळातल्या इथल्या इतर वस्तूंशी ते जुळत नाही, म्हणून ती बऱ्याच नंतरची असू शकतात, असं त्यांचं म्हणणं.

हा वाद सहज सुटला असता. पुरातत्त्वाच्या उत्खननात माती थरांनी काढतात. वस्तू कोणत्या थरात होती, शेजारी कोणती खापरं होती, कोळसा किंवा धान्य होतं का, याची नोंद होते. त्यावरून काळ ठरतो. दायमाबादची शिल्पं शास्त्रीय उत्खननात मिळाली नाहीत, त्यामुळे हा पुरावा त्यांच्यासोबत आला नाही. सापडवणाऱ्याचा यात काही दोष नाही, तो झुडूप काढत होता. त्यानंतर १९७४-७५ मध्ये राव यांनी आणि पुढे १९७९ पर्यंत एस. ए. साळी यांनी तिथे उत्खनन केलं. त्यातून वस्तीचा क्रम उलगडला, पण शिल्पांच्या काळाचा वाद पूर्ण मिटला नाही.

प्रवरेच्या खोऱ्यात असं आणखी बरंच दडलेलं असू शकतं. संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावाच्या नावाने एक संपूर्ण ताम्रपाषाणयुगीन संस्कृती ओळखली जाते. तिथे १९५०-५१ च्या उत्खननात तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी मिळाल्या. नेवाशातही ह. धी. सांकलिया यांनी डेक्कन कॉलेजच्या वतीने उत्खनन केलं. अशा नदीकाठी डिटेक्टर वाजला आणि कुणी हाताने गाळ उपसून वस्तू काढली, तर धातू हाती येतो, पण त्याची ओळख पटवणारा पुरावा पाण्यात विरघळून जातो.

दायमाबाद खणणारे एस. आर. राव पुढे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत गेले आणि द्वारकेच्या समुद्रातल्या शोधामुळे भारतातल्या सागरी पुरातत्त्वाचे प्रवर्तक ठरले. पाण्याखालीही जागेची मोजमापं, आराखडे आणि नोंदी ठेवता येतात, हे त्या कामाने दाखवलं.

कायदा काय सांगतो?

भारतात ‘सापडेल त्याचं’ हा नियम चालत नाही.

- भारतीय निखात निधी कायदा, १८७८: जमिनीत दडलेली १० रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं बंधनकारक आहे. काय सापडलं, किती, कुठे आणि कधी, हे त्यात लिहायचं असतं. माहिती लपवली तर सापडवणाऱ्याचा हिस्सा सरकारजमा होतो आणि १ वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.
- महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६: नद्या आणि त्यांचे तळ सर्वसाधारणपणे राज्य सरकारच्या मालकीचे आहेत. म्हणजे ‘पाण्यात सापडलं, जमिनीत नाही’ हा बचाव धरून चालू नये.
- पुरावशेष कायदा, १९७२: १०० वर्षांहून जुनी नाणी, मूर्ती आणि कलावस्तू पुरावशेष ठरतात. त्या खासगीरीत्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत.
- प्राचीन स्मारक कायदा: २०१० च्या दुरुस्तीनुसार राष्ट्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरचा पट्टा प्रतिबंधित आणि त्यापुढचा २०० मीटरचा पट्टा नियंत्रित आहे. संरक्षित जागेत परवान्याशिवाय उत्खनन करता येत नाही.
- भारतीय न्याय संहिता, कलम ३१४: अलीकडे हरवलेली अंगठी सापडली आणि मालक शोधण्याचा वाजवी प्रयत्न न करता ती स्वतःसाठी वापरली, तर तो अपहार ठरू शकतो.

१८७८ च्या कायद्यात सापडवणाऱ्याचा हक्कही आहे, आणि तो फारसा कुणाला माहीत नसतो. ठेवा बेवारस ठरला आणि जागामालकाशी वेगळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश सापडवणाऱ्याला आणि एक चतुर्थांश जागामालकाला मिळतो. सरकारला तो ठेवून घ्यायचा असेल, तर धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश द्यावा लागतो.

तुलनेसाठी ब्रिटनकडे पाहता येईल. तिथे हा छंद मोठा आहे. कायद्याच्या व्याख्येत बसणारा खजिना १४ दिवसांत कळवावा लागतो. इतर वस्तूंची नोंद घेण्यासाठी १९९७ पासून एक सार्वजनिक योजना आहे आणि तिच्यात १० लाखांहून अधिक वस्तू जागेसह नोंदवल्या गेल्या आहेत.

काही जुनं सापडलं तर काय करायचं?

१. वस्तू शक्यतो जागेवरून हलवू नये. आजूबाजूला खणू नये.
२. पाणी उतरल्यावर ती उघडी पडली असेल, तर मोबाईलवर फोटो काढावा आणि ठिकाणाचं लोकेशन जतन करावं.
३. ती घासू नये, लिंबू किंवा चिंच लावून चमकवू नये. वरच्या गंजाच्या थरातही माहिती असते.
४. तहसील किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी कळवावं आणि पोच घ्यावी.
५. नेमकी जागा सोशल मीडियावर टाकू नये. गुप्तधनाच्या आशेने तिथे रात्रीत खड्डे पडू शकतात.

मग या छंदाचा उपयोग कशासाठी?

एक उपयोग निर्विवाद आहे. घाटावर आंघोळ करताना किंवा पूजेच्या वेळी कुणाचं मंगळसूत्र, जोडवं किंवा अंगठी पाण्यात पडली, तर जागा ठाऊक असते, पाणी उथळ असतं आणि मालक काठावर उभा असतो. अशा वेळी स्थानिक प्रशासनाला सांगून, दिवसाउजेडी, काठावर दोर धरणारा सोबती ठेवून आणि कमरेएवढ्या पाण्यातच राहून शोध घेता येतो. वस्तू मिळाली की ती लगेच मालकाच्या हातात जाते.

जुन्या वस्तूचं तसं नसतं. तिचा मालक विचारायला येत नाही, आणि ती कुणाची, कधीची हे सांगणारा पुरावा फक्त तिच्या भोवतालच्या मातीत असतो.