बामियान

बामियान : मध्य अफगाणिस्तानातील डोंगराळ प्रांत व त्याचे मुख्य ठिकाण. हिंदुकुश आणि कोह-ए-बाबा या रांगांमधील हे खोरे सुमारे २,५०० मी. उंचीवर आहे. वस्ती मुख्यतः हजारा लोकांची. बटाटा व गहू ही पिके. काबूलकडून येणारे रस्ते शिबर आणि हाजीगक या खिंडींतून उतरतात. हिवाळ्यात त्यांवर बर्फ पडत असल्याने उन्हाळ्यातच जावे.

खोऱ्याच्या उत्तरेकडील कड्यात शेकडो लेणी असून त्यांच्यामध्ये ५५ मी. व ३८ मी. उंचीच्या दोन उभ्या बुद्धमूर्ती होत्या. सहाव्या-सातव्या शतकांतील या मूर्तींची अंगे कड्यातच कोरलेली, चीवराच्या चुण्या मात्र काड मिसळलेल्या मातीच्या गिलाव्याच्या होत्या. अजिंठ्याच्या भिंतींवरील तूसमिश्रित गिलावा पाहिलेल्याला ही रीत परकी वाटणार नाही. चिनी यात्रेकरू ह्युएनत्संगाने ६३० च्या सुमारास ही मूर्तिवैभवाची जागा पाहिली. पुढे बौद्ध धर्म येथून गेला आणि हजारांनी मूर्तींना आपली नावे दिली : मोठी सलसाल, धाकटी शाहमामा. लोककथेत ती प्रेमिकांची जोडी; शाहमामा स्त्री. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने १९६९ ते १९७७ या काळात मूर्तींची डागडुजी केली होती. मार्च २००१ मध्ये तालिबानने त्या सुरुंगांनी उडवल्या. उरलेल्या कोनाड्यांच्या तळाशी उभे राहून वर पाहिले, की गेलेल्या मूर्तीचे आकारमान पोकळीवरूनच कळते. छायाचित्रांत ते येत नाही. २००३ पासून हे खोरे जागतिक वारसायादीत आहे.

कड्यासमोरच्या टेकडीवरील शहर-ए-गुलगुला चंगीझखानाने १२२१ मध्ये उद्ध्वस्त केले. या स्वारीत त्याचा नातू मारला गेला होता. सूड म्हणून त्याने सरसकट कत्तल केली. नावाचा अर्थ ‘आक्रोशाचे शहर’. पूर्वेस, दोन नद्यांच्या संगमावर, तांबड्या मातीचा शहर-ए-झोहाक हा पडका किल्ला आहे.

पश्चिमेची बंद-ए-अमीर ही सहा सरोवरे मात्र पडझडीच्या यादीत मोडत नाहीत. पाण्यातील चुना काठावर साचून त्यांचे बांध आपोआप उभे राहिले आणि त्यांवरून पाणी खालच्या सरोवरात ओसंडते. लोकसमजुतीप्रमाणे हे बांध हजरत अलींनी घातले. हैबत, पनीर, पुदिना ही त्यांतील काही नावे. हैबतचा गडद निळा रंग कोरड्या, पिवळट डोंगरांत रंगवल्यासारखा दिसतो. २००९ मध्ये हे देशातील पहिले राष्ट्रीय उद्यान झाले. येथे स्त्रियाही रक्षक म्हणून काम करीत; ऑगस्ट २०२३ मध्ये तालिबान सरकारने स्त्रियांना उद्यानात पर्यटक म्हणून येण्यासही मनाई केली.