सिद्धराम कीं सिद्राम? सोलापुराकडील एका नांवाच्या लेखनाविषयीं

गेल्या पौषांत सोलापुरास गड्ड्याची जत्रा भरली असतां तेथील एका परिचित गृहस्थांनीं आपल्या नातवाच्या बारशाचें आमंत्रण धाडलें व त्यासोबत एक प्रश्नहि विचारिला. मुलास ग्रामदैवत श्रीसिद्धरामेश्वरांचें नांव ठेवावयाचें, याविषयीं घरांत दुमत नव्हतें. दुमत होतें तें लेखनाविषयीं. मुलाची पणजी 'सिद्राम' म्हणे, बाप 'सिद्धाराम' लिही, आणि गृहस्थांस स्वतःस 'सिद्धराम' हेंच शुद्ध वाटे. "आपण जुनीं दप्तरें वाचतां. जुन्या कागदांत काय आहे तेवढें सांगा, म्हणजे तसें नोंदवूं," असें त्यांनीं कळविलें.

प्रश्न वरकरणी किरकोळ दिसतो. परंतु तो तसा नाहीं. इ. स. १९६९ च्या जन्ममृत्युनोंदणीच्या कायद्याप्रमाणें मुलाचें नांव नोंदीपासून बारा महिन्यांच्या आंत विनाशुल्क व पुढें पंधरा वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून घालतां येतें. एकदां घातलें म्हणजे मग चुकीची दुरुस्ती एवढीच वाट उरते. त्यांतून १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलांत आलेल्या नव्या दुरुस्तीनें, त्या दिवसानंतर जन्मलेल्यांस शाळेपासून मतदारयादीपर्यंत हाच दाखला पुरावा म्हणून दाखवावा लागणार. अशा दाखल्यांतील नांव जर जुन्या कागदांच्या साक्षीवरून ठरावयाचें असेल, तर ती साक्ष कोणत्या बाबतींत ग्राह्य व कोणत्या बाबतींत अग्राह्य, हें आधीं पाहिलें पाहिजे. संग्राहकांच्या व संशोधकांच्या कामाशींहि या प्रश्नाचा संबंध आहे, म्हणून तो येथें मांडीत आहें.

गृहस्थांच्या घरीं मोडी कागदांचें एक रुमाल आहे. आजोबाचें नांव नातवास ठेवण्याच्या चालीमुळें हें नांव घराण्यांत एकाआड एक पिढीस येतें, व रुमालांत तें 'सीदराम', 'सीद्राम', 'सीधराम', 'सीद्रामापा' अशा चार तऱ्हांनीं आढळलें. एका कागदांत तर एकाच पुरुषाचें नांव आरंभीं एका तऱ्हेनें व अखेरीस दुसऱ्या तऱ्हेनें लिहिलें आहे. आतां यांतून काय घ्यावयाचें?

मोडींत ह्रस्व व दीर्घ यांचा भेद पाळला जात नाहीं. इकार एकच व उकारहि एकच, हें वाचकांस सांगणें नकोच. म्हणून 'सीदराम' यांतील 'सी' हा आमच्या नकलेंत दीर्घ उतरला तरी तो कारकुनाचा निर्णय नव्हे. त्याच्या लेखणीपुढें तसा पर्यायच नव्हता. ह्रस्वदीर्घाची काटेकोर शिस्त मराठींत पसरली ती छापखाना, मोल्सवर्थचा कोश (१८३१), दादोबा पांडुरंगांचें व्याकरण (१८३६) व त्यांमागून आलेल्या शाळा यांच्या योगानें. पुढें १९६२ त सरकारनें मान्य केलेल्या नियमांनीं व्यक्तिनामें दीर्घान्त ठरविलीं व 'हरि' चा 'हरी' झाला. (त्याच नियमांनीं अनुच्चारित अनुस्वारहि गेले, प्रस्तुत लेखकास तें अद्याप अंगवळणीं पडलेलें नाहीं, ही गोष्ट वेगळी.) सारांश, वेलांटी कोणती द्यावी असा प्रश्न मोडी कागदास विचारणें व्यर्थ आहे.

व्यंजनांची गोष्ट मात्र निराळी. मोडींत 'द' व 'ध' हीं अक्षरें भिन्न आहेत. कारकून जेथें 'द' लिहितो तेथें बहुधा त्याच्या कानीं 'द' पडलेला असतो. सोलापुराकडे हें नांव धारण करणारीं घराणीं पुष्कळशीं कानडी बोलणारीं. आणि बोलीच्या कानडींत महाप्राण अक्षरें सैल होऊन अल्पप्राण होतात, हें प्रसिद्ध आहे. तेव्हां 'सीदराम' हें अशुद्ध लेखन नसून उच्चाराची नोंद आहे. मधला ह्रस्व अकारहि असाच. बोलणाऱ्याच्या तोंडीं तो गळला म्हणजे 'सिद्राम' होतो, आणि गळूं नये म्हणून ताणला म्हणजे 'सिद्धाराम' होतो. दोन्ही रूपें एकाच अडचणीचीं दोन उत्तरें आहेत, असें मला वाटतें. यांपैकीं कोणत्याहि रूपास अडाणीपणाचें म्हणण्यास आधार नाहीं.

याच तऱ्हेचा अनुभव थोर नांवांच्या बाबतींतहि येतो. मराठी पत्रांतून 'सिवाजी' असें लेखन सर्रास सांपडतें. महाराजांच्या संस्कृत मुद्रेंत मात्र 'शिव' असेंच आहे. मालोजी राजांनीं नगरच्या शाह शरीफ पिरावरून मुलांचीं नांवें शहाजी व शरीफजी ठेविलीं अशी परंपरा आहे. त्यांतील थोरल्याचें नांव 'शाहाजी', 'शहाजी', 'शाहजी' असें फिरत राहिलें, आणि संस्कृतांत जातांना त्यांतील 'जी' गळून 'शाह' एवढेंच उरलें. ज्या लिपींत व ज्या भाषेंत नांव जातें, तिच्या सोयीनें तें बसतें.

मूळ पुरुषाकडे वळावें तर तेथेंहि आधार डळमळीतच. बाराव्या शतकांतील सोन्नलिगेचे सिद्धराम हे मुद्दगौडा व सुग्गलादेवी यांचे पुत्र. राघवांकानें त्यांचें चरित्र कानडी काव्यांत गाइलें आहे; त्या परंपरेप्रमाणें आईबापांनीं कुलदैवतावरून मुलास धूळिमाकाळ असें नांव ठेविलें होतें, व सिद्धराम हें नांव पुढें रूढ झालें. म्हणजे ज्यांचें नांव या बालकास द्यावयाचें त्यांचेंच पाळण्यांतलें नांव निराळें होतें! शिवाय त्यांच्या वचनांची मुद्रिका 'कपिलसिद्धमल्लिकार्जुन' ही. ती त्यांच्या इष्टदेवतेची असल्यामुळें स्वतःच्या नांवाचें लेखन ते कसें करीत, याचा उलगडा तिच्यावरून होत नाहीं. 'सिद्ध' एवढें मात्र तिच्यांत आहे.

आणि गांवाचें तरी काय? कलचुरींच्या काळच्या लेखांत सोन्नलगे, मोहोळ तालुक्यांतील कामतीच्या शके १२३८ च्या संस्कृत लेखांत सोनलीपूर, किल्ल्यांतील एका लेखांत सोनलपूर तर दुसऱ्यांत संदलपूर, पुढें सोलापूर, आणि इंग्रजांच्या तोंडीं शोलापूर. सोळा गांवांचें मिळून सोलापूर झालें ही व्युत्पत्ति लोकांत अजून ऐकूं येते. 'सोनलपूर' यांतील 'न' गळून हें रूप सिद्ध झालें असावें, हें मत मला अधिक सयुक्तिक वाटतें. अशा गांवीं एकाच लेखनाचा आग्रह धरणें जरा धाडसाचेंच.

या विषयांत मला इतकें बारकाईनें लिहावेंसें वाटतें, त्याला कारण माझी स्वतःची एक चूक आहे. सुमारें वीस वर्षांपूर्वीं त्याच बाजूच्या एका पाटील घराण्याची वंशावळ मीं छापिली. कागदांत 'सीदराम' व 'सीधरामापा' अशीं दोन नांवें होतीं. हीं एकाच नांवाचीं दोन रूपें आहेत हें मला ठाऊक होतें, व त्या जाणतेपणाच्या भरांत मीं दोन्ही ठिकाणीं 'सिद्धराम' असें शुद्ध करून दोघांचा एक पुरुष केला. पुढें एक वांटणीपत्र पाहण्यांत आलें. त्यांत दोघेहि हजर, दोघांपुढें नांगराची निशाणी, आणि 'बिन' च्या पुढील बापांचीं नांवें निरनिराळीं! एकाच आजोबाचें नांव घेतलेले ते चुलतभाऊ होते. घरच्यांनीं एकास 'सीदराम' व दुसऱ्यास 'सीधरामापा' म्हणून वेगळें ओळखलें, कारकुनानें तें इमानानें उतरलें, आणि मीं तें पुसलें. धाकट्या शाखेचे एक वृद्ध वंशज तो तक्ता घेऊन मजकडे आले होते. रागावले नाहींत. आपल्या घरच्या पुरुषांवर बोट फिरवून त्यांनीं एवढेंच विचारिलें, "यांत आम्ही कोठें आहों?"

राजवाड्यांनीं १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' छापतांना मूळ कागदास जो मान दिला, त्याचें मोल मला त्या दिवशीं कळलें. नकलेंत वेलांटी ह्रस्व कीं दीर्घ यावर वाद घालूं नये, पण व्यंजनास व प्रत्ययास हात लावूं नये. 'आपा' गाळणें म्हणजे प्रसंगीं माणूस गाळणें होय.

गृहस्थांस मीं उत्तर लिहिलें तें असें. जुन्या कागदांवरून आपल्या घरीं 'सिद्राम' अशी हांक मारीत, एवढें सिद्ध होतें. तरी पणजीबाईंस कोणी सुधारूं नये. नोंदीसाठीं मात्र 'सिद्धराम' हें रूप घ्यावें. तें जुनें म्हणून नव्हे, तर दोहों भाषांच्या वाचणाऱ्यांस त्यांतून संताचें नांव तत्काळ ओळखूं येतें, व त्यावरून 'सिद्राम' हा उच्चार कोणासहि साधतो म्हणून. चिरंजीवांनीं 'सिद्धाराम' चाच हट्ट धरला तर तोहि चुकीचा नव्हे. त्या बाजूस तसें लिहिणारे पुष्कळ आहेत. दक्षता एकाच जागीं घ्यावी. 'सिध्' धातूस 'त' लागून संधीनें 'सिद्ध' होतो. त्यांत 'द' अर्धा व 'ध' पूर्ण. छापखान्यांत 'द्ध' चा खिळा जोडूनच मिळे, म्हणून कंपोझिटरास चुकण्यास वाव थोडा होता. आतां टंकलेखनांत दोन अक्षरें उलटीं पडून 'सिध्द' असें रूप पदोपदीं दिसतें, आणि बारीक अक्षरांत तें डोळ्यांस खटकतहि नाहीं. उच्चार करून पाहिल्यास मात्र जीभ अडते.

बारशास मी गेलों होतों. आत्याबाईंनीं कुर्र करून बालकाच्या कानांत नांव सांगितलें. तें कोणत्या लेखनाचें होतें, हें विचारण्याची सोय नव्हती. पणजीबाईंनीं लगेच "सिद्रामा" म्हणून हांक मारली. नोंद माझ्या सूचनेप्रमाणें 'सिद्धराम' अशी लिहून दिली गेली. गेल्या पंधरवड्यांत गृहस्थांचें पत्र आलें: दाखला मिळाला, पण त्यावर 'सिध्दराम' असें छापलें आहे, तो दुरुस्तीसाठीं परत दिला आहे.

माझा वरील तक्ता ज्यांच्या संग्रहीं असेल त्यांनीं त्यांतील 'सिद्धराम' हें एक नांव खोडून त्या जागीं 'सीदराम' व 'सीधरामापा' अशीं दोन नांवें शेजारींशेजारीं लिहावीं, व दुसऱ्याच्या खालीं वंश उतरविण्यापुरती जागा मोकळी ठेवावी.