पडायचं निमित्त

रत्नागिरीकडे म्हाताऱ्या बाईच्या जाण्याची हकीकत पिढ्यान्‌पिढ्या एकाच वाक्यात सांगितली गेली: ‘पडायचं निमित्त झालं.’ श्रावणात मागीलदारची चिऱ्याची पायरी शेवाळलेली असते, हातात कळशी असते, पाय सरकतो. पडणं तसं किरकोळच. लहान मूल अशा पडण्यातून रडून उठतं आणि खेळायला जातं. आजी उठत नाही. पाय खुब्यातून बाहेर वळलेला, दुसऱ्यापेक्षा आखूड दिसणारा. मग माजघरातली बाज, पाठीला जखमा, छातीत कफ आणि काही महिन्यांत सुतक. कारण विचारलं तर घरचे पायरी सांगायचे, पाऊस सांगायचे, वय सांगायचे. हाडाचं नाव कुणी घेत नसे.

आज त्याच घरात ‘हाडं ठिसूळ झालीत’ असं सहज बोललं जातं. हे निदान तिथवर पोचायला फार वेळ लागला.

सुश्रुतसंहितेत मोडलेल्या हाडांवर वेगळे अध्याय आहेत. हाड मोडण्याचे बारा प्रकार, सांधा निखळण्याचे सहा. त्यातली एक नोंद मला फार मोलाची वाटते: तरुणपणी जे हाड एका महिन्यात जुळतं, त्याला मध्यम वयात दुप्पट आणि उतारवयात तिप्पट वेळ लागतो. वाग्भटानं अस्थिधातू क्षीण झाल्याची लक्षणं दिली आहेत. त्यात हाडांतली टोचणी आहे, दात, केस, नखं झडणं आहे. म्हणजे हाड आतून झिजतं हे आपल्याकडच्या वैद्यांना ठाऊक होतं. पण ते ग्रंथात राहिलं. गावात पोचला तो हाडवैद्य. कांडवेलीचा लेप, बांबूच्या कामट्या, घट्ट पट्टी एवढ्यावर तो मनगट आणि नडगी बसवायचा, आणि पुष्कळदा चांगली बसवायचा. खुबा मात्र त्याच्या हाताबाहेरचा, कारण तिथं कामटी बांधायला जागाच नसते.

लहान मुलाच्या मऊ, वाकणाऱ्या हाडांना आपल्याकडे मुडदूस हे नाव जुनं आहे. पोर फेंगडं चालू लागलं की आई लगेच औषध विचारायची. म्हातारीच्या हाडांना असं नाव नव्हतं. पाठीला पोक आलं, कंबर मोडली, उंची घटली, सगळं वयाच्या खात्यावर जमा. संसारासाठी हाडाची काडं केली म्हणून तिचं कौतुक व्हायचं. ती काडं खरोखरच झाली आहेत हे कुणाच्या ध्यानात येत नसे.

युरोपातही फार वेगळं नव्हतं. १८२०च्या दशकात लंडनचे शल्यविशारद अ‍ॅस्ट्ली कूपर यांनी लिहिलं की उतारवयात हाडं हलकी होतात आणि मांडीचं हाड खुब्यापाशी मोडतं ते त्यामुळे. १८३०च्या सुमारास स्ट्रासबर्गचे जाँ लोब्स्टाइन यांनी मृतांच्या हाडांतली मोठी झालेली छिद्रं पाहून ऑस्टिओपोरोसिस हे नाव दिलं. (जन्मतःच हाडं ठिसूळ असणाऱ्या मुलांच्या एका आजारालाही त्यांचं नाव लागलं, तो आजार वेगळा, जनुकांतल्या दोषाचा.) पुढं शंभर वर्षं हे नाव पुस्तकातच होतं. १९४०-४१मध्ये बोस्टनच्या फुलर ऑलब्राइट यांनी दाखवून दिलं की असे बहुतेक रुग्ण म्हणजे पाळी गेलेल्या बायका आहेत आणि इस्ट्रोजेन कमी होण्याशी याचा संबंध आहे. हाड आयुष्यभर झिजतं आणि भरतं. पाळी गेल्यावर झीज भरण्याला मागं टाकते. ‘वय झालं’ या सबबीला पहिला तडा गेला तो इथं.

आता रत्नागिरीच्या बाईकडे येऊ. २०११च्या जनगणनेत या जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या. याचं कारण जुनं: पुरुष मुंबईला गिरणीत, गोदीत, पुढं ऑफिसात. मनीऑर्डर यायची, आणि लावणीपासून मळणीपर्यंत शेत बाई करायची. तिचं खाणं काय होतं? जिल्ह्याच्या १८८०च्या गॅझेटिअरात वरकस जमिनीवरची नाचणी आणि हरीक हे गरिबांचं अन्न म्हणून येतं. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, पांढऱ्या तांदळात जेमतेम दहा. नाचणीला मोड आणून सत्त्व काढलं किंवा आंबील केली की ते कॅल्शियम अंगी जास्त लागतं. जोडीला काट्यासकट खाल्लेली बारीक मासळी, सुका जवळा. पुढं रेशनचा तांदूळ आला, हातात पैसा आला, डोंगरउतारावरची नाचणी मागं पडली, भाकरीची जागा भातानं घेतली. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं नाचणीचे सुधारित वाण काढले, तरी ती ताटात परतली ती बहुतेक शहरात, बिस्किटांच्या पुड्यातून.

तरी सगळा दोष ताटाला देणं मला पटत नाही. नाचणी खाणाऱ्या पणज्याही पडल्याच होत्या. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतीय माणसाचं सरासरी आयुष्य बत्तीसच्या घरात होतं, आज ते सत्तरच्या आसपास आहे. पाळी गेल्यानंतरची वीस-तीस वर्षं आता बहुसंख्य बायकांच्या वाट्याला येतात, आणि हाडांचा हिशेब त्याच वर्षांत बाहेर येतो. तो हिशेब सुरू होतो मात्र किशोरवयात, कारण हाडांची बरीचशी भर विशीच्या आत पडते. डेरवणच्या वालावलकर रुग्णालयानं जिल्ह्यातल्या खेड्यांतल्या किशोरवयीन मुलींच्या पोषणाचा अभ्यास हाती घेतला, हे मला म्हणूनच मोठं काम वाटतं.

‘ठिसूळ’ हे निदान घरात आलं ते एक्स-रेच्या फिल्मवरून. डॉक्टर ती खिडकीच्या उजेडात धरायचे आणि विरळ दिसणाऱ्या भागावर बोट ठेवायचे. पण साध्या एक्स-रेत ठिसूळपणा दिसतो तोवर तीस टक्क्यांच्या आसपास हाड गेलेलं असतं. मग हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी आली. १९९४मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं उणे २.५ ही रेघ ठरवली: टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण हाडाच्या तुलनेतला घनतेचा आकडा, तिथं किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस. आता गावोगावच्या शिबिरांत टाच मशीनमध्ये ठेवून आकडा सांगतात. तो फक्त इशारा असतो; निदान सहसा खुबा आणि कण्याच्या डेक्सावर होतं.

मला खटकतं ते पुढचंच. नाव मिळालं आणि तेच नवं निमित्त झालं. ‘हाडं ठिसूळ झालीत, आता काय करायचं’ असं म्हणून माणसं कॅल्शियमच्या गोळ्यांची बाटली आणतात आणि विषय मिटवतात. हे चूक आहे. हाडांची झीज थांबवणारी औषधं तीस वर्षांपासून आहेत, त्यांनी पुढची मोडतोड कमी होते. ड जीवनसत्त्व रक्तात मोजता येतं. खुबा मोडला तरी लवकर शस्त्रक्रिया करून बाईला चालतं करता येतं. बाजेवर निजवून ठेवणं हा उपचार नव्हे.

खुब्याच्या आधी अनेकदा मनगट मोडतं. घरातली पन्नाशीपुढची बाई उभ्या उभ्या पडून मनगट मोडून आली, तर प्लास्टर निघालं की सुटलो असं समजू नका. डॉक्टरांना हाडांच्या तपासणीबद्दल विचारा. तालुक्याच्या गावी डेक्सा नसेल तर मुलगा-सून मुंबईला असतातच. आई गणपतीनंतर त्यांच्याकडे जाईल तेव्हा करून घ्या. आणि मागीलदारच्या पायरीवरचं शेवाळ आजच खरवडून काढा.