बंदी आणि बनाव: सट्टा थांबवला, तर फुटबॉलचे सामने स्वच्छ होतील का?

१/१४
अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार हे गाव यशस्वी बंदीचे उदाहरण म्हणून सांगितले जाते. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. महाविद्यालयीन काळात क्रिकेट खेळलेल्या या तरुणाच्या नेतृत्वाखाली गावाने कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि नशाबंदी स्वीकारली. शेतीसाठी बोअरवेल घेण्यावरही बंदी आली. या बंद्या टिकल्या. मग खेळांवरील सट्ट्यावर बंदी घातली, तर फुटबॉलमधील सामनानिश्चिती थांबेल का? हा धागा त्या प्रश्नाच्या इतिहासाविषयी.

२/१४
सामनानिश्चिती सट्टेबाजांनी जन्माला घातली, हा समज आधी तपासला पाहिजे. नगर-पुणे भागात जत्रेतील कुस्त्यांचा हगामा जुना आहे आणि ‘नुरा कुस्ती’ हा शब्दही जुनाच आहे. दोन मल्ल आधी ठरवून लढतात, प्रेक्षकांना झुंजीचा आभास देतात आणि इनाम वाटून घेतात. त्यासाठी आखाड्याबाहेर कोणी पैज लावलेली असण्याची गरज नसते. लबाडीचे कारण इनामातच दडलेले असते.

३/१४
फुटबॉलमध्ये याचा सर्वांत ढळढळीत पुरावा गोव्यात सापडतो. २००४ मध्ये गोव्याच्या द्वितीय श्रेणी लीगमध्ये कुडतरी जिमखान्याने सांगोल्डा लाइटनिंगला ६१-१ असे हरवले, तर विल्फ्रेड लेझरने दोनापावला संघाला ५५-१ असे. ९० मिनिटांच्या सामन्यात ६२ गोल म्हणजे सरासरी दर दीड मिनिटाला एक. चेंडू मध्यावर आणून पुन्हा खेळ सुरू करण्यातही वेळ जातो, हे लक्षात घेतले की या आकड्यांचा अर्थ उघड होतो.

४/१४
कारण साधे होते. वरच्या श्रेणीत बढतीची चुरस गोलफरकावर येऊन ठेपली होती. दोन्ही विजेत्यांना गोल हवे होते आणि समोरच्या संघांनी ते होऊ दिले. गोवा फुटबॉल संघटनेने चारही संघांना एका वर्षासाठी निलंबित केले. या बनावाला सट्टेबाजाची गरजच पडली नाही. सट्ट्यावरील कोणताही कायदा, कितीही कडक असता तरी, हे दोन सामने वाचवू शकला नसता.

५/१४
तरीही बंदीच्या बाजूचा युक्तिवाद पोकळ नाही. बढतीसाठी केलेल्या बनावात रस असतो तो संबंधित संघांनाच. सट्टा आला की मैदानाशी काहीही संबंध नसलेल्या माणसालाही निकाल विकत घ्यावासा वाटतो. त्यातही फुटबॉलमध्ये गोल कमी होतात. एक गोलरक्षक किंवा एक पंच फितवला तरी सामना फिरू शकतो. वेळेवर मानधन न मिळणारा खेळाडू हे तर सोपे सावज. सट्ट्याचा पैसाच आटवला तर, हा प्रश्न म्हणूनच रास्त आहे.

६/१४
तो पैसा बंदीने आटतो का, याची परीक्षा मुंबईत शंभर वर्षांहून अधिक काळ चालली आहे. मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा. त्याचा रोख जुगाराचे अड्डे आणि जुगाराची साधने यांवर होता. पण शहरात पावसावर पैजा लागत: ठरलेल्या वेळेत पुरेसा पाऊस पडेल की नाही? १८८९ मध्ये हे प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि हा सट्टा त्या कायद्याच्या कक्षेत बसत नाही, असा निर्णय झाला. १८९० मध्ये कायद्यात दुरुस्ती करावी लागली.

७/१४
पुढे न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून येणाऱ्या भावांच्या आकड्यांवर मुंबईत पैजा लागू लागल्या. १९६१ मध्ये ते आकडे येणे थांबले, पण जुगार थांबला नाही. १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळी मटका सुरू केला, १९६४ मध्ये रतन खत्री यांनी न्यू वरळी मटका. मातीच्या मटक्यातील चिठ्ठ्यांची जागा पत्त्यांनी घेतली. गिरणगावातील कामगार ‘ओपन’ आणि ‘क्लोज’च्या आकड्यांची वाट पाहू लागले. जुगारबंदीचा कायदा या साऱ्या काळात लागूच होता.

८/१४
मटक्याच्या इतिहासात दोन गोष्टी दिसतात. पहिली, बंदीखालीही सट्टा विश्वासावरच चालतो. आकडा प्रामाणिकपणे निघतो असे वाटले, तरच लोक पैसे लावतात. दुसरी अधिक महत्त्वाची: हा सारा व्यवहार तोंडी आणि रोखीचा. कोणी, कधी, किती रक्कम लावली याची सरकारदरबारी नोंद नाही. एखाद्या सामन्यावर अचानक संशयास्पद पैसा ओतला गेला, तर तो पाहणार कोण?

९/१४
फुटबॉलपुरता हाच अनुभव इटलीने घेतला. तेथे सरकारमान्य ‘टोटोकाल्चो’ सोडून सामन्यांवर अन्य पैजा लावणे बेकायदा होते. तरीही १९८० मध्ये रोममधील एक फळांचा घाऊक व्यापारी आणि एक हॉटेलमालक तक्रार घेऊन पुढे आले: खेळाडूंनी पैसे घेतले, पण ठरलेले निकाल दिले नाहीत! मिलान आणि लाझियो यांना खालच्या श्रेणीत ढकलण्यात आले. पावलो रोस्सीवर दोन वर्षांची बंदी आली. ती संपवून परतलेल्या याच रोस्सीने १९८२ च्या विश्वचषकात ६ गोल केले.

१०/१४
क्रीडा संघटनेने शिक्षा दिल्या. फौजदारी न्यायालयात मात्र आरोपी सुटले. सामना विकणे हा स्वतंत्र गुन्हा इटलीच्या कायद्यात तेव्हा नव्हताच. ती उणीव १९८९ च्या कायद्याने भरून काढली आणि ‘क्रीडा फसवणूक’ हा गुन्हा ठरला. म्हणजे पैजांवर बंदी होती, पण ज्या कृत्याने खेळ नासला त्या कृत्यावर कायद्याचे बोट नव्हते.

११/१४
मग परवानगी दिल्याने प्रश्न सुटतो का? जर्मनीचा दाखला नाही म्हणतो. रॉबर्ट हॉयझर या पंचाने ऑगस्ट २००४ मध्ये पाडरबोर्न-हॅम्बुर्ग सामन्यात पाडरबोर्नला दोन पेनल्टी बहाल केल्या आणि हॅम्बुर्गचा एक खेळाडू बाहेर काढला. टोळीने सरकारमान्य ‘ऑडसेट’कडेही पैसे लावले होते. जानेवारी २००५ मध्ये प्रकरणाला वाचा फोडली ती हॉयझरच्या सहकारी पंचांनी. सट्टा अधिकृत असूनही बनाव झाला. तो उघड व्हायला मैदानातलीच माणसे लागली.

१२/१४
आता पैजेला देशाची सीमाही उरलेली नाही. सिंगापूरचा विल्सन राज पेरुमल २०११ मध्ये दोषी ठरला तो फिनलंडमध्ये, तेथील रोव्हानिएमी संघाच्या सामन्यांसाठी. उत्तर ध्रुववृत्ताजवळच्या छोट्या गावातील सामन्यात रस घेणारा पैसा आशियातला होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय फुटबॉलमधील संशयित सामनानिश्चितीची प्राथमिक चौकशी सीबीआयने हाती घेतली, तेव्हा याच नावाचा संदर्भ पुढे आला. गोव्यात किंवा महाराष्ट्रात बंदी असली, तरी परदेशातील पैज त्या बंदीच्या हाताबाहेरच राहते.

१३/१४
भारत आज इटलीच्या १९८० च्या जागी उभा आहे. २०१३ च्या आयपीएल प्रकरणात दिल्ली पोलिसांनी मुंबईच्या अंकित चव्हाणसह तीन क्रिकेटपटूंना अटक केली आणि आधार घेतला तो महाराष्ट्राच्या ‘मोक्का’चा. जुलै २०१५ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने तिघांनाही आरोपमुक्त केले. क्रीडा फसवणूक प्रतिबंधक विधेयकाचा मसुदा २०१३ मध्ये तयार झाला. कायदा झाला नाही. लोढा समितीने २०१६ मध्ये क्रिकेटवरील सट्टा अधिकृत करावा आणि सामनानिश्चितीला गुन्हा ठरवावे, असे सुचवले. २०२२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने म्हटले की सामनानिश्चिती ही भारतीय दंड विधानातील फसवणुकीच्या कलमात बसत नाही. २०२५ मध्ये संसदेने पैशांवरील ऑनलाइन खेळांवर देशव्यापी बंदी घातली. पैज लावणाऱ्यासाठी कायदे वाढत गेले. सामना विकणाऱ्यासाठीचा कायदा मसुद्यातच राहिला.

१४/१४
सट्ट्यावर बंदी हवी, असे म्हणायला सबळ कारणे आहेत. कर्जात बुडालेली घरे हे त्यांतले पहिले. पण त्या बंदीने फुटबॉल स्वच्छ होईल, ही अपेक्षा इतिहासात टिकत नाही.

हिवरे बाजारची बोअरबंदी टिकली, कारण तिच्या जोडीला पाण्याचा ताळेबंद आहे. पाऊस किती झाला, पाणी किती उरले, त्यावर कोणती पिके घ्यायची, हे ग्रामसभेत सर्वांसमोर मांडले जाते. ज्यांचे पाणी जाणार, तेच हिशेब तपासतात. फुटबॉलमध्ये असा ताळेबंद म्हणजे सामना विकण्याविरुद्ध थेट कायदा, खेळाडूंना वेळेवर मानधन, संघमालकांच्या पैशांची उघड नोंद आणि हॉयझरच्या सहकाऱ्यांसारखे बोलणाऱ्यांना संरक्षण. यातले काहीच नसेल, तर ६१-१ चा सामना सट्ट्याविनाही पुन्हा खेळला जाईल. फरक इतकाच, की पुढच्या वेळी तो २-१ असा संपेल आणि कोणाच्या लक्षातही येणार नाही.